लायसन्सची परीक्षा दलालाच्या हाती देऊ नका



‘लायसन्स’ हा शब्द शेतकऱ्याच्या कानाला गोड लागत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या मालाला गावाची, राज्याची, देशाची वेस ओलांडायची म्हटली की कुणाच्या तरी शिक्क्याची वाट पाहायची, हेच पिढ्यानपिढ्या चालत आले. कापूस एकाधिकाराच्या काळात आपल्याच घरचा कापूस राज्याबाहेर नेऊन विकणे हा गुन्हा होता. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा ते झोनबंदी ठरवत होती. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि मे २०२४ मध्ये उघडली. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कुणी विचारले नाही. अशा परवान्यांशी आपले भांडण आहे आणि ते राहणार. मग याच पानावर गाडी चालवण्याच्या परवान्याचा अभ्यास करा, असे सांगायचे ते कसे?

परवान्या-परवान्यात फरक असतो. तुझा माल तू कुणाला विकायचा हे मी ठरवीन, असे म्हणणारा परवाना माणसाचे स्वातंत्र्य काढून घेतो. रस्त्यावर आणलेला लोखंडी गाडा कसा हाकायचा हे तुला ठाऊक आहे ना, एवढे विचारणारा परवाना दुसऱ्याचा जीव राखतो. आपल्या शेतात आपण राजे आहोत, पण बांधाशी आले की शेजाऱ्याचा हक्क सुरू होतो. पाटाच्या पाण्याला पाळी असते. ती मोडली की शेजाऱ्याचे पीक वाळते. रस्ता हा सगळ्यांचा सामाईक पाट आहे. त्याची पाळी कशी असते, हे ठाऊक असल्याखेरीज त्यावर उतरण्याचा हक्क कुणालाच नाही, मग तो शहरातला मोटारवाला असो की गावातला ट्रॅक्टरवाला.

आपणच आणून बसवलेला दलाल

शिकाऊ लायसन्सची परीक्षा म्हणजे काही कलेक्टरची परीक्षा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती चार गोष्टींपुरती ठेवली आहे. रस्त्यावरची चिन्हे व वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्ये, रखवालदार नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि गाडीसोबत बाळगायची कागदपत्रे. महाराष्ट्रात १५ प्रश्न येतात, त्यांतले ९ बरोबर आले की पास. प्रश्न मराठीत घेता येतात. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरे दिलेली असतात, त्यांतले बरोबर कोणते तेवढे दाखवायचे. डिसेंबर २०१६ च्या अखेरीस केंद्राने ठरवलेल्या दरांप्रमाणे शिकाऊ लायसन्सला प्रत्येक वाहनप्रकारामागे १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. २०२१ पासून तर आधार कार्डाच्या ओळखीवर ही परीक्षा घरी बसूनही देता येते.

इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी आपला तरुण काय करतो? तालुक्याच्या दुकानात जातो, आधार कार्ड आणि मोबाइलवर आलेला आकडा परक्याच्या हाती देतो, सरकारी फीच्या कितीतरी पट पैसे मोजतो आणि चहा पिऊन परत येतो. परीक्षा दुसऱ्यानेच दिलेली असते. पोराला लाल कडेचे वर्तुळ म्हणजे काय आणि त्रिकोण म्हणजे काय, याचा पत्ता नसतो.

बाजार समितीत आडत्याच्या नावाने आपण बोटे मोडतो. आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये बसून तो मलई खातो, असे सभांमधून सांगतो. तो निदान आपल्याला विचारून बसलेला नाही. पण पंधरा प्रश्न आणि आपण यांच्यामध्ये हा जो दलाल बसला आहे, त्याला आपणच पाट मांडून दिला आहे. आडत्या घेतो ते पैसे. हा दलाल पैसे घेतो आणि वर ज्ञानही घेतो. कार्ड आपल्या खिशात येते, पण त्या कार्डामागे जे डोक्यात यायला हवे होते ते येत नाही.

खिशातले कार्ड आणि सातबारा

‘आमच्या गावात कुठे पोलिस उभा असतो?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत. लायसन्स पोलिसासाठी काढायचे असते, या समजातूनच सारा घोटाळा होतो. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने ५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाला हे खरे, पण दंड ही या प्रकरणातली सगळ्यांत लहान रक्कम आहे. मोठी रक्कम अपघातानंतर समोर येते.

ट्रॅक्टर मालकाच्या नावावर, विमा भरलेला, हप्ता वेळेवर. चालवणारा सालगडी किंवा पुतण्या, लायसन्स नाही. संध्याकाळी ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकते आणि घरचा कर्ता पोरगा जातो. त्याची विधवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाते आणि तिने जायलाच हवे. आता विमा कंपनी विचारते, चालकाचे लायसन्स दाखवा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंह प्रकरणात हा विषय तपशिलाने मांडला. त्रयस्थ माणसाचे नुकसान बुडू नये, म्हणून न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगू शकते. मात्र लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देण्यात मालकाची चूक आहे असे कंपनीने सिद्ध केले, तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मोकळीक तिला मिळते. आणि वसुली कशी होते? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. या शब्दांचा अर्थ शेतकऱ्याला फोडून सांगण्याची गरज नाही. ज्याने बँकेच्या आणि सोसायटीच्या जप्तीला तोंड दिले, त्याने आपला सातबारा पंधरा प्रश्नांपायी पणाला लावावा, हे कोणत्या हिशोबात बसते?

याच ठिकाणी तीन गैरसमज दूर करायला हवेत.

पहिला, मोटारसायकलचे लायसन्स असले की ट्रॅक्टर चालतो. चालत नाही. वाहनाचा प्रकार वेगळा आहे आणि त्याची नोंद लायसन्सवर लागते. दुसरा, ट्रॅक्टरला मोठ्या ट्रकसारखे जड वाहनाचे लायसन्स लागते. तेही खरे नाही. ज्याचे रिकामे वजन ७,५०० किलोच्या आत आहे असा ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येत हलक्या वाहनात मोडतो. ट्रॉली जोडून माल नेला म्हणून ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन्स निकामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच म्हटले आहे. भाजीपाला बाजारात नेणाऱ्या छोट्या टेंपोचा प्रश्नही मिटला आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. म्हणजे हलक्या वाहनाचे एक लायसन्स मनापासून अभ्यास करून काढले, तर शेतकऱ्याच्या घरातली चारचाकी कामे बहुतेक सगळी त्यावर होतात.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे त्यावर बसलेल्या सगळ्यांचा विमा आहे. मडगार्डवर बसून बाजाराला निघालेल्या माणसाची जोखीम ट्रॅक्टरच्या विम्यात साधारणपणे धरलेली नसते. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच, चालकाची. लग्नाचे वऱ्हाड ट्रॉलीत भरून नेणारा मालक सगळ्या वऱ्हाडाची जबाबदारी आपल्या उरावर घेत असतो.

परीक्षेत काय विचारतात आणि का

परीक्षेचे पुस्तक शहरासाठी लिहिले आहे, असे वरवर पाहता वाटते. झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल, पार्किंग. पण नीट पाहिले तर त्यात खेड्याचे पुष्कळ आहे.

चिन्हांचे घ्या. रस्त्यावरची चिन्हे अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळावीत, अशीच बेतलेली आहेत. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे हुकूम, ते मोडले की गुन्हा. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावधगिरी, पुढे वळण, अरुंद पूल, शाळा, गुरे. निळा चौकोन म्हणजे माहिती, दवाखाना किंवा पेट्रोल पंप. आकार ओळखला की निम्मा अर्थ कळला. दोनच चिन्हे मुद्दाम वेगळ्या आकाराची केली आहेत. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी असते आणि ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ सांगणारा त्रिकोण उलटा असतो. धुळीने माखली, अंधारात अर्धवट दिसली, तरी आकारावरून ती ओळखू यावीत. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी असलेली आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली. हे चांगलेच झाले. शाळेचा दाखला नसलेला माणूस उत्तम गाडी चालवू शकतो. पण त्यामुळे चिन्हे ओळखण्याची जबाबदारी वाढली, कमी झाली नाही.

एक प्रश्न तर थेट आपलाच आहे. जनावर घेऊन जाणाऱ्या माणसाला वाटले की जनावर बुजेल, आणि त्याने हात करून थांबायला सांगितले, तर चालकाने काय करावे? उत्तर आहे, गाडी थांबवावी. हॉर्न वाजवीत निघून जाऊ नये. बैलजोडी घेऊन बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याचा हा हक्क कायद्याने मानलेला आहे. किती शेतकऱ्यांना तो ठाऊक आहे? मोटारसायकलवर बसल्यावर आपलाच पोरगा तो पाळतो का?

रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्न घ्या. गाडी उभी करावी, सोबतच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जावे, दोन्ही बाजू पाहाव्यात, मगच गाडी पुढे घ्यावी. सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहावे. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटके रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. मग हे शिकून काय करायचे? आपल्या पाणंदीवरून उसाची भरलेली ट्रॉली हमरस्त्यावर काढताना हेच करायचे. दोन्ही बाजूंना उभा ऊस, चालकाला काही दिसत नाही. एका माणसाने पुढे जाऊन रस्ता पाहिला तर किती माणसे वाचतील, याचा हिशोब प्रत्येक गावाने आपापल्या आठवणीतून करावा.

अंतराचा प्रश्नही परीक्षेत येतो. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. पाय ब्रेककडे नेईपर्यंत एवढे अंतर गेलेले असते. पुढे दोन भरलेल्या ट्रॉल्यांचे वजन ट्रॅक्टरला ढकलत राहते, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून उतारावर गिअर काढून गाडी सोडणारा चालक हुशार नसतो. तो डिझेलचे चार पैसे वाचवतो आणि ट्रॉलीवरचा ताबा घालवतो.

आणि अपघात झालाच तर? पळून जायचे नाही. जखमीला दवाखान्यात पोचवायचे, पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवायचे, विमा कंपनीलाही कळवायचे. मदतीला धावलेल्या तिऱ्हाइतावर खटला भरता येत नाही, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. ‘पोलिसाच्या लचांडात कोण पडेल’ म्हणून रस्त्याकडेला तडफडणाऱ्याला सोडून जाण्याचे कारण उरलेले नाही.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून बरीच जास्त ग्रामीण भागात. सर्वांत मोठा हिस्सा दुचाकीवरच्यांचा. ही माणसे आपल्या शिवारातली आहेत.

पोराच्या हातात किल्ली

पोरगा चौदा वर्षांचा झाला की त्याच्या हाती मोटारसायकल द्यायची आणि ‘आमचा बाळ्या आत्ताच ट्रॅक्टर मागे घेतो’ असे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, ही रीत घरोघर आहे. शाळा लांब आहे, एस.टी. वेळेवर नाही, ही अडचण खरी आहे. ती सरकारने सोडवली पाहिजे आणि त्यासाठी आपण भांडलेच पाहिजे. पण कायदा काय म्हणतो ते ऐका. गिअरच्या मोटारसायकलला आणि ट्रॅक्टरला वय १८ पूर्ण लागते. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ पासून पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. शेतकऱ्याच्या पोराला पंचविशीपर्यंत ट्रॅक्टर चालवता येणार नसेल, तर ते घर कसे चालेल?

दुसऱ्या बाजूने आपल्या लेकीसुनांकडे पाहा. दूध डेअरीला घालायचे, पोरे शाळेत सोडायची, दवाखान्यात जायचे, बँकेत जायचे, प्रत्येक कामाला घरातल्या पुरुषाची वाट पाहायची. गाडी दारात उभी असते, पण तिच्या नावावर लायसन्स नसते. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक बाईने ही परीक्षा द्यावी. घरातल्या पुरुषाने अर्ज भरून द्यावा आणि मग बाजूला व्हावे. अभ्यास ती त्याच्यापेक्षा चांगला करील, अशी आमची खात्री आहे.

चार संध्याकाळचे काम

या जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना अशी. उसाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक गावशाखेने चार संध्याकाळ द्याव्यात. देवळाचा ओटा, शाळेची खोली, काहीही चालेल. पहिल्या दिवशी चिन्हे, पुठ्ठ्यावर रंगवून, आकारावरून ओळखायची. दुसऱ्या दिवशी रस्त्याची पाळी: चौफुलीवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, समोरून वाहन आले की दिव्याचा झोत खाली करायचा. तिसऱ्या दिवशी अपघात, विमा आणि कागदपत्रे: लायसन्स, नोंदणी पुस्तक, विमा, धुराचे प्रमाणपत्र. ही डिजिलॉकरमध्ये मोबाइलवर दाखवली तरी चालतात. चौथ्या दिवशी सरावाची परीक्षा. सरकारच्या सारथी संकेतस्थळावर ती फुकट देता येते. ज्याला वाचता येत नाही त्याला गावातल्या शिकलेल्या पोरीने प्रश्न वाचून दाखवावेत. सालगडी, ऊसतोड टोळीबरोबर आलेले चालक, यांनाही बोलवावे. तो परजिल्ह्यातला असला तरी रस्ता तोच आहे.

परीक्षा पास झाल्यावर काम संपत नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांचे असते. निदान तीस दिवस शिकल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. त्या काळात गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी लागते आणि चारचाकीत शेजारी लायसन्स असलेला माणूस लागतो. ज्यांचे वय चाळीसच्या वर आहे त्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो. हे सहा महिने निघून गेले की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

सरकारकडेही आपल्या मागण्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी परिवहन खात्याची शिबिरे ठरल्या तारखेला आणि पुरेशी व्हावीत, म्हणजे जिल्ह्याला हेलपाटे मारावे लागणार नाहीत. परीक्षेच्या प्रश्नांत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बिनदिव्याची बैलगाडी, मागे लावायचे रिफ्लेक्टर आणि पाणंदीचे तोंड यांना जागा मिळावी. दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणाऱ्यांवर कारवाई व्हावी. पण ही शेवटची मागणी करायचा अधिकार आपल्याला केव्हा? आपला एकही माणूस त्या दुकानाची पायरी चढत नाही, असे आपण छाती ठोकून सांगू शकू तेव्हा.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने एक यादी आणावी. गावात ट्रॅक्टर किती, ते चालवणारे किती, त्यांपैकी लायसन्स किती जणांकडे आणि अभ्यास करून परीक्षा दिलेले किती. शेवटचा आकडा पहिल्या यादीत लहान असेल, त्याची लाज वाटून घेऊ नये. हंगाम संपल्यावरच्या बैठकीत तोच आकडा पुन्हा विचारला जाईल.